पास झालेलं पुस्तक

आमच्या कॉलेजात पुस्तकं नापास व्हायची. मुलं इतर विषयांत कशीबशी निघून जायची, पण पहिल्या वर्षाचं अर्थशास्त्राचं पुस्तक तीन वर्षांत एकही पास झालं नाही. नापास करणारे होते डोमाजी भोयर, चांद्याच्या त्या कौलारू कॉलेजातले अर्थशास्त्राचे एकुलते एक प्राध्यापक. प्रकाशकाकडून नमुन्याचं पुस्तक आलं की हे गृहस्थ ते उत्तरपत्रिकेसारखं लाल पेन्सिलीनं तपासायचे आणि मुखपृष्ठावर गुण टाकायचे. शंभरापैकी अकरा. शंभरापैकी सात. एका लेखकाला तर शून्य देऊन खाली शेरा मारला, 'अक्षर बरे.' छापील पुस्तकाला!

मी पुस्तक समितीचा चिटणीस, म्हणजे या विद्वानाच्या मागे गठ्ठे वाहणारा हमाल. मी इतिहास शिकवतो. अर्थशास्त्रातलं मला ओ की ठो कळत नाही. पण पुस्तकाशिवाय मुलं परीक्षेत गटांगळ्या खातात, एवढं दिसत होतं. मी ओरडायचो, "भोयरसाहेब, तुमच्यापायी पोरांची वर्षं चाललीत!" त्यावर यांचं एकच पालुपद.

"घरी दाखवतो, मंग सांगतो."

घरी दाखवतो! लुगडं होतं का ते? आणि घरी कोण? त्यांच्या पत्नी काशीबाई, एटापल्लीकडच्या खेड्यातल्या, शाळेची पायरीही न चढलेल्या. एम.ए. झालेला माणूस बायकोला पुस्तक दाखवतो म्हणून आम्ही चहाच्या सुट्टीत पोट धरून हसायचो. मी तर त्यांची नक्कलही करायचो, आणि ती चांगली वठायची.

शेरे तर विचारूच नका. पुस्तकात होतं, 'पाणी ही निसर्गाची फुकट देणगी होय.' समासात लाल अक्षरांत, 'मंग नदीवरून हंडा कोण आणते?' पुस्तकात, 'वस्तूच्या बदल्यात वस्तू देण्याची पद्धत आता नामशेष झाली आहे.' समासात, 'बजारात मीठ देऊन आमची चारोळी नेते तो कोण?' एका लेखकानं लिहिलं होतं की घरकामाला मोबदला नसल्यानं ते श्रमांत धरत नाहीत. त्यापुढे फक्त 'बरं!' आणि वीस गुण कापलेले. असल्या पोरकट कारणांसाठी आमचा वर्ग पुस्तकावाचून बसला होता.

"हंडा तुम्ही वाहता का हो?" एकदा मी चिडून विचारलं.

"मी काऊन वाहीन?" म्हणाले आणि छत्री उचलून चालते झाले.

चौथ्या वर्षी प्राचार्यांनी बजावलं, शनिवारपर्यंत पुस्तक ठरलं नाही तर विषयच बंद. मी तीन नमुने भोयरांच्या हवाली केले आणि भांडणाची तयारी करून बसलो. पण दोनच दिवसांत त्यांनी पहिलं पुस्तक माझ्या टेबलावर आणून ठेवलं. पास! मी चाळून पाहिलं. पाणी फुकट होतं, चारोळीवाले नामशेष होते, घरकाम श्रमांत नव्हतं, आणि लाल रेघ मात्र एकही नव्हती.

झाला एकदाचा शहाणा, असं मनात म्हणत मी सवयीनं टोमणा मारला, "काय हो, यंदा घरी दाखवलं नाही वाटतं?"

बोललो आणि जीभ चावली. काशीबाई वैशाखातच गेल्या होत्या. मी स्वतः भेटून आलो होतो.

भोयर रागावले नाहीत. "दाखवलं ना," ते म्हणाले. "तिन्ही वाचले, पयल्यासारखे मोठ्यानं. ती चुलीपाशी बसून आयके अन् मधातच काईतरी विचारे. मी फक्त लिहून घेत होतो, भाऊ. मले त्यातलं एकई सुचलं नसतं. यंदा कोणी काई विचारलंच नाई. मंग नापास कशावरून करू?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तीन वर्षं मी ज्या बाईंच्या प्रश्नांना हसलो, त्यांच्या हातचा चहाही मी प्यालो होतो.

पुस्तकं आली. पहिल्याच तासाला भोयरांचा आवाज बांबूच्या तट्ट्याच्या भिंतीपलीकडून माझ्या वर्गात ऐकू आला.

"पेन्सिली काढा. पान नऊ. पाणी फुकट म्हणते. त्याच्या बाजूले लिहा, मंग नदीवरून हंडा कोण आणते?"

"कोणी विचारलं हे, सर?"

"माझ्या घरून विचारलं."

थोडा वेळ नुसता पेन्सिलींचा आवाज. मग मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "परीक्षेत येते काय, सर?"

"नाई येत," भोयर म्हणाले. "तरी लिहा."