दगडूतात्यांच्या आतड्याची पंगत

पानं वाढून झाली की आमच्याकडे कुणीतरी श्लोक म्हणतं आणि लोक जेवायला लागतात. पण पंगतीत दगडूतात्या असले, तर श्लोकाच्या आधी त्यांचं आतडं येतं. धोतराचा सोगा सावरत ते उभे राहतात, मांडवात माईक असेल तर मागून घेतात आणि खणखणीत आवाजात सांगतात, "मंडळी, माज्या आतड्याला आतनं सूज हाय. आमटी मला चालत न्हाई. मी रुसलेलो न्हाई, कुणाच्या पॅनलमदी गेलेलो न्हाई. मला आग्रह करू नका. जेवा आता."

नवखे पाहुणे आमटीकडे संशयाने बघत बसतात. आम्हा गावकऱ्यांना सवय आहे.

पॅनलचा खुलासा मात्र गरजेचा असतो. मी कडा या बाजारगावाजवळच्या आमच्या गावात सहकारी सोसायटीचा सचिव. आमच्या भागात एखादा माणूस पंगतीत जेवला नाही की तो फुटला असंच धरतात. एका निवडणुकीत तात्या दोन्ही पॅनलच्या जेवणांना गेले आणि दोन्हीकडे नुसतं पाणी पिऊन आले. झालं! ते फुटल्याची दोघांनाही खात्री पटली आणि त्यांना वळवून घ्यायला म्हणून दोघांनीही त्यांना बिनविरोध संचालक करून टाकलं. पोटाच्या जोरावर निवडून आलेला असा दुसरा संचालक मी पाहिलेला नाही.

"म्हंजी पोटात नेमकं होतंय काय?" असं कुणी विचारलं की तात्या खुलतात. डॉक्टरांनी त्यांना कागदावर चित्र काढून समजावलं होतं. तात्यांनी त्या चित्राची पंगत केली.

"आतड्याला आतनं पातळ अस्तर असतंय," ते सांगतात. "त्यातल्या पेशी बसतेत आपल्यावानी, मांडीला मांडी लावून. कामाचं तेवढं आत घ्यायचं, घाण बाहेर ठिवायची. मदी फटच न्हाई, तर कुत्रं शिरंल कुठनं? पर सूज आली की हे एकमेकाला सोडतेत. फट पडती, कुत्रं शिरतंय. मग आपल्याच अंगातले राखणदार काठ्या घिऊन धावतेत. कुत्र्याला एक बसती, जेवणाऱ्याला दोन! त्यानं आनखी लोक उठतेत, आनखी फटी पडतेत, आनखी कुत्री येतेत."

"मग औषध काय करतंय?"

"आदी काठ्या खाली! राखणदार गप झाले की पंगत आपसूक सरकून बसती."

'आदी काठ्या खाली' हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. दुष्काळात चारा छावणीवरून सोसायटीच्या सभेत खुर्च्या उचलल्या गेल्या, तेव्हा तात्या टेबलावर चढून हेच ओरडले होते. लोकांना हसू आलं आणि हसताना खुर्ची फेकता येत नाही. सभा पार पडली. तसा त्यांच्या भाषणाचा खरा उपयोग मी जेवणानंतर पाहिला आहे. माणसं पान-सुपारीच्या निमित्ताने त्यांना बाजूला घेतात आणि हळूच सांगतात, "तात्या, मलाबी रक्त पडतंय." तात्या त्यांना स्वतः एस.टी.त बसवून डॉक्टरकडे नेतात. माझ्या मेव्हण्यालाही त्यांनीच नेलं. त्या दिवसापासून मला हा माणूस फार मोठा वाटतो.

जन्मापासूनच हे असे निलाजरे असणार, असा माझा समज होता. एकदा मी थट्टेने म्हणालोही, "तात्या, चारचौघांत हे सांगायला तुम्हाला लाज कशी वाटत नाही हो?"

"लाजलो म्हनून तर बहीण तुटली," तात्या म्हणाले.

फार मागच्या एका दुष्काळाचं साल होतं. गेवराईकडे दिलेली त्यांची थोरली बहीण भामाक्का, तिच्या लेकीचं लग्न होतं. विहिरी आटलेल्या, ऊस जळालेला. टँकरच्या पाण्यावर भामाक्काने भात आणि येसराची, म्हणजे भाजलेल्या डाळी-मसाल्याच्या कुटाची, झणझणीत आमटी एवढ्यावरच पंगत घातली. गोड काही नाही. तात्या मुलीचे मामा, मानाच्या पानावर. दोन घास गेले आणि पोटात कळ आली. तेव्हा आजाराचं नाव माहीत नव्हतं. रक्त पडतंय एवढंच कळत होतं. नव्या व्याह्यांसमोर ते कसं सांगणार? तात्या भरल्या पानावरून उठले, रानाकडे पळाले आणि तिकडूनच घरी आले. भाऊ आपल्या दुष्काळी जेवणाला नाक मुरडून गेला, असं भामाक्काने धरलं. पुढे तात्या डॉक्टरांचे कागद घेऊन तिच्या दारात गेले, तर ती बाहेरच आली नाही. "तवा बोलला न्हाईस, आता कशापायी बोलतोस?" एवढंच आतून म्हणाली.

"तवापास्नं मी पंगतीत बोलतो," तात्या मला म्हणाले. "पंगतीतली गोष्ट गावोगाव जाती. कवातरी गेवराईलाबी जाईल."

मला पुढे थट्टा करवली नाही.

यंदा तात्यांच्या एका नातलगाच्या लग्नाला मी त्यांच्याबरोबर गेवराईला गेलो. पानं वाढून झाली. तात्यांनी माईक घेतला, "मंडळी" म्हणाले आणि थांबले. पलीकडे बायकांच्या पंगतीत पांढऱ्या केसांची एक बाई त्यांच्याकडे बघत होती. तोंडवळा तात्यांचाच. माईक नुसता खरखरत राहिला.

मग ती बाईच उठली. तिला माईक लागला नाही.

"माज्या भावाच्या आतड्याला सूज हाय," भामाक्का म्हणाली. "त्याची आतली पंगत उठलीया, कुत्री शिरलीत. त्याला आमटी कुणी वाढू नका, आग्रह करू नका. भात आणा, लई मऊ शिजलेला."

मांडवात हशा पिकला. ती हसली नाही. आवाज खाली आणून म्हणाली, "आन दगडू, मी काठी ठिवली खाली. बस, जेव आता."

तात्या बसले. "जरा सरका," म्हणत माझ्या मांडीला मांडी लावून बसले आणि मऊ भात आला तो शेवटच्या शितापर्यंत खाल्ला. हात धुताना मी म्हणालो, "तात्या, आज तुमचं भाषण राहिलं."

तात्यांनी उपरण्याने डोळे पुसले. "राहिलं कुठं?" म्हणाले. "झालं की."