लाइपझिगची खोली कशी हस्तगत जाहली त्याची हकीकत

रविवारी भिंतीत खिळा ठोकणे मना.

ओटो नामे मांजर, वय अकरा, उजवा कान तुटका.

पांढरे सिमेंट, अर्धा किलो.

"कॅमेऱ्यात कोणी यायचं नाही म्हणजे नाही, आत्या!"

तिलवाऱ्याच्या पुलावर मोबाईलास रेंज येते.

एकसष्ट पत्रे, जबाब दोन.

ऐसे कागद व बोलणी हाती लागली, ती जुळवून पाहता मोठी मोहीम निष्पन्न जाहली, म्हणोन लिहिणे प्राप्त. छप्पन साली दिल्लीकरांनी मुलखाच्या वाटण्या केल्या, तेव्हा नागपूर मुंबईकडे गेले आणि जबलपूर भोपाळकडे राहिले आणि मध्ये पडलेल्या मराठी घरांस कोणी पुसले नाही. मग ती घरे आपापल्या चुलीपाशी मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी बोलत सुखरूप नांदली. त्यांपैकी जबलपुराच्या रांझी वस्तीतले एक घर राजमान्य टिकाराम यांचे. वडील चंद्रपुराहून तोफांच्या कारखान्यात मजुरीस आले, आणि टिकाराम त्याच कारखान्याच्या भांडारात अडतीस वर्षे कारकुनी करून निवृत्त जाहले. जुन्या बखरींत या घराण्याचे पूर्वज "आणि किल्ल्याखालील लोक" एवढ्या तीन शब्दांत उरकले गेले आहेत. सबब ही बखर त्यांस थोडी ऐसपैस लिहिली आहे.

टिकारामांची कन्या खासा सुमेधा, वय अठ्ठावीस, परिचारिकेच्या विद्येत निपुण. तिने चौदा महिने जर्मन भाषेशी झुंज दिली आणि त्या भाषेची लांबलचक क्रियापदे वाक्याच्या शेपटीस गाठून जेर केली, आणि मग लाइपझिग शहरच्या एका रुग्णालयाने नेमणुकीची सनद पाठविली. घरात पेढे आले. सुमेधेने जुन्या नोकरीचा राजीनामा त्याच दिवशी दिला आणि परतीचा पूल आपल्या हातांनी पाडला.

मग दुसरा खलिता आला. त्यात हुकूम ऐसा की, आमचे वसतिगृह भरले आहे, सबब आपण राहावयाची जागा आपली आपण शोधावी, आणि दसऱ्याचे दुसरे दिवशीपर्यंत पत्ता न कळविल्यास नेमणूक यादीतील पुढील इसमास दिली जाईल.

टिकारामांनी खलिता दोनदा वाचवून घेतला. "नोकरी देते तो क्वार्टर देते," ते म्हणाले. "क्वार्टर नाही तं नोकरी कायची?"

"बाबा, तिकडे तसं नसते."

"मंग अर्ज कोणाले करायचा?"

सर्व अनर्थाचे मूळ याच प्रश्नात होते. टिकारामांच्या समजुतीत घर हे मिळवावयाचे नसून मंजूर व्हावयाचे होते. स्वतःस क्वार्टर मिळण्यास अकरा वर्षे लागली होती. त्या अकरा वर्षांत त्यांनी अर्ज, स्मरणपत्र, दुसरे स्मरणपत्र, आणि वरिष्ठांमार्फत सादर केलेले विनम्र निवेदन ऐशी सर्व शस्त्रे चालविली होती आणि त्यांची धार त्यांस ठाऊक होती. मग त्यांनी चष्मा लावला, आणि लाइपझिग शहरातील तमाम घरमालकांस उद्देशून अर्जाचा मसुदा घेतला: सेवेसी सविनय निवेदन की, अर्जदार ही चांगल्या वर्तणुकीची असून तिजविरुद्ध कोणतीही चौकशी प्रलंबित नाही. खाली सोबतच्या कागदांची यादी, अनुक्रमांक एक ते सतरा.

सुमेधेने तो मसुदा वाचला आणि गादीखाली ठेवला.

पहिली चाल तिने एकटीने केली. संकेतस्थळांवर जाहिराती लागत, त्या लागताच पत्र रवाना करी, आणि तिकडून जाहिरात दोन घटकांत नाहीशी होई. ऐशी साठांवर एक पत्रे गेली. जबाब दोन आले. एकाने कळविले की खोली गेली. दुसऱ्याने कळविले की या, बोलू.

हे दुसरे म्हणजे चौघा तरुणांचे सामायिक घर. त्यात पाचवी खोली रिकामी होती, आणि चौघे मिळून पाचव्याची परीक्षा घेत, ऐसा तिकडील रिवाज. ही वार्ता जबलपुराजवळच्या पाटणास टिकारामांच्या थोरल्या भगिनी चंपाबाई यांस कळली, आणि त्या दुसऱ्या दिवशीच्या बसने कुमक घेऊन दाखल जाहल्या. कुमक म्हणजे हिरवी पैठणी, शेवयांचा डबा आणि पन्नास वर्षांचा अनुभव. चंपाबाईंनी आपल्या हयातीत एकोणीस मुली दाखविल्या आणि सतरा लग्ने जमविली होती. परक्या चौघांनी पोरीस समोर बसवून प्रश्न पुसायचे, हा प्रकार त्यांस लगेच उमगला.

मग स्वारी तयार जाहली. पलंगावर नवी चादर पडली, मागील भिंतीवर सुमेधेची पदवी टांगली, आणि चंपाबाई पैठणी नेसून चित्रात दिसतील ऐशा बेताने शेजारी बसल्या. मोबाईलाच्या पडद्यावर पलीकडे चार तरुण उघड्या पायांनी जमिनीवर बसले होते. त्यांनी पुसले की फावल्या वेळी काय आवडते. सुमेधा तोंड उघडणार तोच चंपाबाईंनी हिंदीत जाहीर केले, "लड़की को सब काम आता है. चुप रहती है, ज़्यादा बोलती नहीं." मग मराठीत सुमेधेस हुकूम केला, "उठ वो, चालून दाखव. लंगडत नाही म्हणा."

"आत्या, काहून करून राहिली तू असं?"

"मंग! मागून बोलतीन, सांगितलं नाही म्हणून."

चौघांनी फार सभ्यपणे निरोप घेतला. रात्री पत्र आले की आपण उत्तम आहात, परंतु आम्हास वाटते की आपले कुटुंब आपल्याबरोबर राहण्यास येईल. चंपाबाई म्हणाल्या, पोरं बरी होती पण मोजे नव्हते एकाच्याही पायात, बरंच झालं.

दसरा नऊ दिवसांवर आला. तेव्हा तिसरा मनसबा उभा राहिला. हेडविगबाई नामे एक वृद्ध विधवा, तिसऱ्या मजल्याच्या किल्लेदारीण, तेथलीच एक खोली आणि लहानसे स्वयंपाकघर देणार होत्या. जाहिरातीत लिहिले होते की मांजर आहे, ते जाणार नाही. सुमेधेने पत्र लिहिले आणि शनिवारी संध्याकाळी साडेपाचची वेळ मिळाली. हीच शेवटची. दुसरी कोठूनही हाक नव्हती.

मग सुमेधेने घरात फर्मान काढले. कलम पहिले, चंपाबाईंनी त्या वेळी शेजारी बारशास, भजनास, कोठेही जावे. कलम दुसरे, मातुःश्री कुसुमबाईंनी कुकर लावू नये. कलम तिसरे, बाबांनी स्वयंपाकघरात पडद्याआड बसावे आणि खोकलाही येऊ देऊ नये. फर्मान तिघांनी मान्य केले. कुसुमबाई तर त्या महिन्यात एकूणच कमी बोलत होत्या.

शनिवारी हेडविगबाई मोबाईलाच्या पडद्यावर आल्या. केस पांढरे, पाठ ताठ, मांडीवर ओटो. इकडचे तिकडचे काही न बोलता त्यांनी पुसले की भिंतीत खिळे किती ठोकणार. सुमेधा म्हणाली, एकही नाही. हेडविगबाई म्हणाल्या, सगळे ऐसेच म्हणतात. मागील भाडेकरूनेही म्हटले होते, आणि जाताना भोके टूथपेस्टने बुजविली, ती उन्हाळ्यात पिवळी पडली आणि गळून आली. माझे यजमान या भिंती स्वहस्ते रंगवीत. सबब आता मला पूर्वीच्या घरमालकाचा दाखला पाहिजे, की या मुलीने घर जसे घेतले तसे परत दिले.

सुमेधेने खरे ते सांगितले. ती कधी भाड्याने राहिली नव्हती, तिला कोणी पूर्वीचा घरमालक नव्हता, ती जन्मापासून आईबापांकडे होती. हेडविगबाईंनी खेद प्रकट केला आणि मांजरास खाली ठेवले. स्वारी उठणार हे स्पष्ट जाहले.

पडद्याआडून कुजबुज आली, "काय विचारून राहिली ती?"

"काही नाही, बाबा. घर परत दिल्याचा कागद मागते."

पडदा हलला. टिकाराम फर्मानाचे तिसरे कलम मोडून, बनियनवर शर्ट चढवीत, हातात खाकी दोरीचे बासन घेऊन दाखल जाहले. मग त्यांनी बासन सोडले आणि त्यातून एक पिवळा कागद काढून कॅमेऱ्यासमोर धरला, इतका जवळ की पलीकडे फक्त शिक्का दिसला.

"मागे घ्या बाबा! अजून मागे!"

तो कागद कारखान्याच्या क्वार्टरचा ताबा परत दिल्याची पावती होती. टिकारामांनी तो वाचला, सुमेधेने जर्मनमध्ये सांगितला. नळाच्या तोट्या तीन, बल्बचे होल्डर सहा, खिडक्यांच्या काचा चौदा, कड्याकोयंडे नऊ, सर्व जागच्या जागी व चालू, भिंती स्वच्छ. सव्वीस वर्षांचा ताबा. खाली तिघांच्या सह्या.

हेडविगबाई परत बसल्या. त्यांनी पुसले, सव्वीस वर्षांत भिंतीत खिळा नव्हता काय?

"होते नं," टिकाराम म्हणाले. "एकोणचाळीस."

मग जे भाषण जाहले ते या मोहिमेतील मुख्य युद्ध. हेडविगबाईंनी पुसले की भोके कशाने भरली. टिकारामांनी सांगितले की पांढऱ्या सिमेंटाने, आगकाडीने आतवर दाबून. पुसले की वाळल्यावर घासले काय. सांगितले की घासले, जुन्या पॉलिश कागदाने, आणि मग चुन्याचे दोन हात. टिकाराम बोटांनी हवेत भोक भरून दाखवीत होते आणि पलीकडे हेडविगबाईही आपल्या बोटाने तसेच करून पाहत होत्या, आणि मध्ये सुमेधेस तर्जुमा करण्याचे फार काम उरले नव्हते. स्वयंपाकघराच्या दारात कुसुमबाई उभ्या होत्या.

मग हेडविगबाईंनी पुसले की त्या घरात आता कोण राहते.

"कोणी नाही," टिकाराम म्हणाले. "पाडलं ते. आम्ही निघालो तवाच पाडायचं ठरलं होतं. अख्खी लाइन पाडली."

सुमेधेने हे लगेच सांगितले नाही. तिला ते दिवस आठवत होते. शेजारची मंडळी खिडक्यांच्या चौकटी उपटून हातगाडीवर नेत होती आणि तिचा बाप एकटा शिडीवर चढून पडणाऱ्या घरास चुना मारीत होता, आणि लोक हसत होते, आणि ती कॉलेजातून दुसऱ्या रस्त्याने घरी येई. आता हे सांगावे तर समोरची म्हणेल की माणूस खुळा आहे, आणि खोली जाईल. न सांगावे तर खोटे होईल.

"सांग नं," टिकाराम म्हणाले. "काय झालं?"

तिने सांगितले. हेडविगबाईंनी पुसले, मग रंग काहून दिला? अर्थात त्यांनी आपल्या भाषेत पुसले, पण टिकारामांस तो प्रश्न तर्जुम्याआधी समजला, कारण तो त्यांस पूर्वीही पुष्कळांनी पुसला होता.

"त्यायचं ते पाहतीन," ते म्हणाले. "आपण ताबा साफ द्या लागते."

सुमेधेने ते जसेच्या तसे सांगितले. ओटो टेबलावर चढला आणि त्याने सर्व चित्र व्यापले. मग मांजरामागून निरोप आला की विचार करून पत्राने कळवीन.

पत्र आले नाही. एक दिवस गेला, चार गेले, सहा गेले. चंपाबाईंनी एका ओळखीच्या ओळखीचा भाचा जर्मनीत असल्याचा शोध लावला. तो हॉलंडात निघाला. सुमेधेने जुन्या रुग्णालयात फोन करून आपली जागा भरली काय हे हळूच पुसले. भरली होती. आणि दसऱ्याचे आदले दिवशी सर्व कुटुंब दरसालच्या रिवाजाप्रमाणे दीक्षाभूमीस जाण्याकरिता नागपूरच्या बसमध्ये बसले, पिशव्या, पांढरी लुगडी, तिखट पुऱ्यांसह.

नर्मदेवरील तिलवाऱ्याच्या पुलावर बस आली आणि सुमेधेचा मोबाईल वाजला आणि तिने वाचले आणि पुन्हा वाचले, तोवर पूल सरला.

"काय झालं? काहून गप्प झाली?"

"मिळाली."

मग बसमध्ये जो गलका उठला त्यात कंडक्टरही सामील जाहला. "अरे बधाई हो दीदी," म्हणाला, आणि मागल्या सीटवरल्या एका बाईने कशाबद्दल हे न पुसता टाळ्या वाजविल्या. तहाची कलमे सुमेधेने वाचून दाखविली. रविवारी खिळा ठोकू नये. बुधवारी किल्लेदारीण बाहेर जातात, त्या दिवशी ओटोस जेवण द्यावे. फोडणीचे वेळी खिडकी उघडी ठेवावी. आणि आपल्या वडिलांच्या त्या कागदाची नक्कल जर्मन तर्जुम्यासह करारास जोडावी. तो माझ्या मुलांस दाखवावयाचा आहे.

टिकाराम खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "ताबा घेतानी तोट्या मोजून घेजो. चालू हायेत का ते पाहाजो. मंगच सही."

"हो, बाबा."

"आणि भिंतीचे फोटो."

चंपाबाईंनी श्रेय मागितले आणि त्यांस ते देण्यात आले, की त्या वेळेवर शेजारी गेल्या. कुसुमबाईंनी पुरीचा डबा उघडला, सर्वांस दोन दोन दिल्या, सुमेधेस तीन.

"म्हणजे आता तू खरंच जाशील," त्या म्हणाल्या.

बस नागपूरच्या वाटेने बरगीकडे निघाली.

येणेप्रमाणे एकसष्ट पत्रे, एक पराभव, एक फर्मानभंग व एक पिवळा कागद खर्ची घालून, लाइपझिग शहरी तिसऱ्या मजल्यावरील एक खोली, स्वयंपाकघर व अर्धे मांजर खासा सुमेधा टिकाराम यांच्या ताब्यात आले. पत्ता दसऱ्याच्या दिवशी दुपारी, मुदतीच्या एक दिवस आत, नागपुराहून रवाना जाहला. रुग्णालयाची पोच आली. फत्ते जाहली ऐसे दप्तरी नमूद केले असे.

कारखान्याचे ते क्वार्टर सोडण्याच्या आदल्या दिवशी टिकारामांनी मधल्या खोलीच्या छताचा लोखंडी हूक काढून घेतला आणि त्या जागी बाजारातून आणलेला नवा बसविला. जुन्या हुकास सुमेधेचा पाळणा बांधला होता.