काटेअण्णांचा चिखल

एका जंगलात, बाळांनो, ओढ्याच्या काठी एक म्हातारं साळिंदर राहायचं. त्याला सगळे काटेअण्णा म्हणत.

अण्णा झाडाच्या सालीच्या मुठीएवढ्या गाड्या करायचे. नवीकोरी गाडी मग जुनी करायचे. शेवाळाच्या बोळ्यानं रंग उडाल्यासारखे ठिपके द्यायचे. कुंचला पातळ रंगात बुडवून त्याच्या केसांवरून आपला एक काटा हळूच ओढायचे. बारीक शिंतोडे उडायचे, अगदी चिखलाचे वाटायचे.

"अण्णा, चांगली गाडी घाण का करता?" सशाची पिल्लं विचारायची.

"चालल्यासारखी दिसायला हवी ना, बाळा."

पिल्लांची शाळा ओढ्यापलीकडे होती. वाटेत गुडघाभर चिखल. रोज कुणीतरी पडायचं, रडत घरी यायचं. अण्णांच्या जिवाला ते लागायचं. त्यांनी दरबारात तीन अर्ज दिले. तिन्ही वेळा एकच उत्तर आलं, 'महाराज स्वतः पाहून ठरवतील.'

महाराज सिंह गुहेबाहेर पडतच नसत.

एके दिवशी त्यांचे सचिव तरसराव आले.

"जत्रेत महाराजांच्या रथाची छोटी प्रतिकृती मांडायची आहे. चिखलानं माखलेली हवी. महाराज वस्तीवस्तीत फिरतात, हे प्रजेला दिसलं पाहिजे."

"फिरतात का?"

"तुम्ही रंगाचं बघा, अण्णा."

अण्णांनी हातातला कुंचला खाली ठेवला. मग म्हणाले, "बघतो की. पण आमच्या ओढ्याचा चिखल वेगळा. तो रथावर कुठवर उडतो, ते बघावं लागेल. आणि आत महाराज हवेत. रथात वजन नसलं तर शिंतोडे खरे पडत नाहीत."

"एवढं कोण बघतंय?"

"बेडूक बघतात. त्यांचा जन्म चिखलात गेलाय. जत्रेत हसतील."

हसण्याचं नाव काढताच तरसराव घाबरले. दुसऱ्याच दिवशी रथ आला. आत महाराज, उशीला टेकून.

वाटेच्या मधोमध चाक रुतलं. बैलांनी जोर लावला, तसा चिखल उडाला तो थेट महाराजांच्या आयाळीत.

"हलू नका, महाराज," अण्णा शांतपणे म्हणाले. "ओलं आहे तोवर रंग बघून घेतो."

महाराजांनी डोळा पुसला. "ही वाट आहे?"

"होय, महाराज. तीन अर्ज दिले होते."

"अर्जात एवढा चिखल नव्हता," महाराज म्हणाले.

आठ दिवसांत हत्तींनी दगड टाकले, अस्वलांनी मुरूम दाबला. पिल्लं कोरड्या पायांनी शाळेत गेली. जत्रेत अण्णांचा रथ पाहून प्रजा म्हणाली, "बिचारे महाराज, किती फिरतात."

तरसराव खूश होऊन पुन्हा आले. "अण्णा, पुढच्या जत्रेला रथावर धूळ हवी."

"चांगली धूळ डोंगरापलीकडे मिळते," अण्णा म्हणाले. "महाराजांना घेऊनच जावं लागेल."

डोंगरापलीकडच्या वस्तीत दोन वर्षं पाणी नव्हतं.

तात्पर्य एवढंच, बाळांनो: आपलं दुःख राजाला खरं खरं सांगत बसू नये, तो अर्ज मागतो. त्याचा खोटेपणा नीट रंगवून देतो म्हणावं, म्हणजे तो स्वतः येतो.