धार बारीक झाली

फिल्टरची धार बारीक झाली की माणसं वैतागतात. आमच्या शेजारचे तात्या मात्र त्या दिवशी दाढी करतात.

आमची वाडी आंबेनळीच्या पायथ्याशी. नळाला डोंगरातल्या झऱ्याचं पाणी, इतकं मऊ की अंगावरचा साबण जाता जात नाही. अशा वाडीत आरओचं मशीन एकट्या तात्यांकडे. त्यांचा मुलगा सुनील मुंबईत हीच मशीनं दुरुस्त करतो. आई गेल्यावर त्याने ते आणून नळावर बसवलं. तात्यांनी पाइप काढला आणि परड्यातल्या बोअरच्या टाकीला जोडला. त्या बोअरच्या पाण्यात गॅस संपेल, पण डाळ शिजणार नाही.

"तात्या, एवढं जड पाणी कशाला?"

"मशीन हाय तर त्याला काम नको? बसून खायला तो काय जावई हाय?"

रोज सकाळी ते मशीनला कान लावतात. धारेखाली बोट धरतात. "आज दमलाय जरा," असं खुशीत सांगतात. मला वाटायचं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय.

मग कधीतरी क्षारांनी आतलं मेंब्रेन चोंदतं, धार दोऱ्याएवढी होते आणि तात्या फोन लावतात. रविवारी सुनील येतो, मेंब्रेन बदलतो, जेवतो, रात्रभर राहतो. एरवी त्याला सवड नसते. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी तात्यांना हसायची बंद झाले.

गेल्या खेपेला मी त्यांच्याकडे भाकऱ्या द्यायला गेले, तर सुनील हात पुसत होता.

"तात्या, क्षार अडवणारं कार्ट्रिज लावलंय. आता दोन-तीन वर्षं बघायला नको."

"बरा झाला," तात्या म्हणाले. "तुझा हेलपाटा वाचला."

ताटात कोंबडीचा रस्सा होता. तात्या नुसता भात चिवडत बसले. पोरगा बिचारा खूश होता, बापाचा त्रास वाचवला म्हणून. 

दुसऱ्या दिवशी सुनील गेल्यावर तात्या कुंपणाशी येऊन उभे राहिले.

"सूनबाय, तुमच्याकडं मशीन नाय ना गो?"

"नाही, तात्या."

"घ्या एखादा. सुनील येल बसवायला."

आमच्या घरी झऱ्याचं पाणी. मशीनची काडीची गरज नव्हती.

"घेऊ की," मी म्हटलं. "पण मला ते कार्ट्रिज नको. आणि पाइप तुमच्या बोअरला जोडायचा."