पूर आला, तो आमच्याच समन्वयानं

आमच्या शहरात पुरानं कुणाच्या केसाला धक्का लागणं अशक्य आहे. हे मी छातीवर हात ठेवून सांगतो, कारण ती व्यवस्था मीच बघतो. पूर यायचा म्हटला तर तो आधी तलाववाल्यांना कळणार. ते आमच्या पूर समन्वय कक्षाला कळवणार, आम्ही शहरवाल्यांना म्हणजे महापालिकेला, शहरवाले बंबवाल्यांना आणि बंबवाले पोलिसांना. एवढ्या खात्यांतून पूर जिवंत बाहेर पडणंच मुश्कील!

कक्ष म्हणजे एक टेबल, दोन फोन आणि गळक्या छताखाली एक बादली. ती बादली ओतायची कुणी, यावर अजून समन्वय झालेला नाही.

आमच्यात एक रीत आहे. निरोप पुढं देताना त्यात आपली थोडी भर घालायची. लबाडी नव्हे, खबरदारी! खरं सांगितलं आणि पाणी वाढलं, तर चौकशी लागते. वाढवून सांगितलं आणि पाणी उतरलं, तर 'प्रशासन सतर्क' म्हणून पेपरात फोटो येतो.

त्या दुपारी आभाळ काळं ठिक्कर पडलं होतं. कक्षात दिवे लावावे लागले. हर्सूलच्या पलीकडं आमच्या अखत्यारीत, खालच्या वस्तीला पाणी पुरवणारा एक लहानसा तलाव आहे. तिथले अभियंते राजकुमार साहेब यांचा फोन आला.

"सांडू साहेब, पाणी सांडव्याच्या हातभर खाली आलंय बरं का."

मी रीतीप्रमाणं 'तलाव काठोकाठ' असं शहरवाल्यांना कळवलं आणि चहा मागवला.

चहा आला, त्याच्या पाठोपाठ आमच्या तनुजाचा फोन. आवाज असा थरथरत होता की आधी मला वाटलं रेंज नाही.

"अहो, पोलिसांची गाडी भोंगा लावून फिरतेय! तलाव फुटतोय म्हणे! आई तिकडं एकट्याच आहेत हो!"

आई म्हणजे माझी आई, साळूबाई. तिचं घर त्याच तलावाच्या खालच्या अंगाला, नाल्याच्या अगदी काठावर. 'माझ्याकडं राहायला ये' म्हटलं की ती म्हणते, "तुझ्या फ्लॅटात कोंबड्या कुठं ठेवू?"

"काही होत नाही," मी म्हणालो. "तलाव फुटला असता तर आधी मला कळलं असतं!"

पण तो फोन ठेवला आणि लगेच दुसरा उचलला. पोलिसांना विचारलं.

"पक्की खबर आहे साहेब, बंबवाल्यांची."

बंबवाले म्हणाले, शहरवाल्यांची. शहरवाल्या बाई म्हणाल्या, "अहो, तुमच्याच कक्षाची ना! आणि आता तर पोलीसही तेच म्हणतायत. म्हणजे खात्री झाली."

'काठोकाठ' माझं होतं, हे मला ठाऊक होतं. पण 'फुटतोय' कुणाचं? आणि समजा, राजकुमार साहेबांनी या खेपेला उलट कमी करून सांगितलं असेल तर? माणसाचा काय भरवसा! मी त्यांना फोन लावला.

"साहेब, खरं सांगा. किती पाणी आहे?"

"मला काय विचारता!" ते किंचाळले. "पोलीस ओरडतायत तलाव फुटतोय म्हणून! त्यांना काहीतरी माहिती असल्याशिवाय ओरडतील का? मी तळाचा दरवाजा उघडलाय!"

"किती?"

"सगळा!"

"अहो, पण ते पाणी जाणार कुठं?"

"नाल्यात. दुसरं कुठं?"

मी खुर्चीतून उठलो तो बादलीला अडखळलो. बादली सांडली. शहरातला त्या दिवशीचा पहिला पूर आमच्या कक्षात आला.

स्कूटर मी कशी चालवली, मला आठवत नाही. हर्सूलच्या तुरुंगापाशी डोक्यात एकच विचार आला, उद्या आपण आतच असणार. पुढं माणसं डोक्यावर गाद्या घेऊन पळत होती. नाला दिसायच्या आधी त्याचा आवाज ऐकू येत होता, जनावर गुरगुरावं तसा. रस्त्यात बंबवाल्यांची नाव उभी होती. कोरड्या डांबरावर.

"घाला की पाण्यात!" मी ओरडलो.

"इंजिन दुसऱ्या खात्याच्या गोदामात हाय साहेब. किल्लीवाला रजेवर गेलाय."

गल्लीत गुडघाभर गढूळ पाणी वाहत होतं. आईच्या घराचं दार उघडं. आत खाट तरंगत होती, तिच्यावर एक पातेलं होतं, आणि आई नव्हती.

"आई!" मी ओरडलो. उत्तर आलं नाही. वाहत्या पाण्यात एक चप्पल गोल फिरत माझ्याकडं आली. ती तिची होती. नाल्याकडं बघायची हिंमत होईना.

"क्यूं चिल्लारे साहब?" वरून आवाज आला.

शेजारचे वेल्डर कमरोद्दीनभाई त्यांच्या गच्चीवर उभे होते. बाजूला लोखंडी खुर्चीत माझी आई बसली होती, मांडीवर कोंबडी, हातात चहाची बशी.

"काळं आभाळ बघूनच, तुमच्या भोंग्याच्या आधी उचलून आणलं अम्मांना," ते म्हणाले. "मुर्गियों के बगैर आतीच नै म्हणत होत्या. एकेक मुर्गी पकडताना माझा दम निघाला!"

मी जिना चढलो आणि आईचे पायच धरले. तिनं माझ्याकडं वरून खालपर्यंत पाहिलं.

"का रं, तू पुराचा साहेब ना? मंग ह्यो तुला सांगून नाय आला व्हय?"

"सांगून आला, आई."

"कुणी धाडला?"

मी कोंबडीकडं बघत राहिलो.

संध्याकाळी राजकुमार साहेबांचा फोन आला. पाणी मुळात दोन हात खाली होतं. एक हात त्यांनी खबरदारी म्हणून खाल्ला होता. आणि दरवाजा आता बंद होत नव्हता. उघडायचं काम त्यांचं, दुरुस्तीचं यांत्रिकीवाल्यांचं. त्यांचा माणूस आला तोवर तलावात चिखल आणि एक म्हैस एवढंच उरलं होतं.

'सर्व यंत्रणांच्या समन्वयामुळे जीवितहानी टळली,' असं पेपरात आलं. फोटोत मी डावीकडं आहे.

सध्या त्या वस्तीला टँकरनं पाणी चालू आहे. त्याचा समन्वय माझ्याकडंच आहे.