राणीछाप

चंद्राबाई पहाटे गेल्या, आणि दिवस वर आला तरी कुंडलच्या त्या आळीत कुणाकडं एक रुपया निघेना.

म्हणजे पैसा होता, पण सगळा फोनात. मयताच्या कपाळाला रुपया लावायचा म्हटल्यावर फोन काय कामाचा? दारात जमलेल्या बाप्यांनी खिसे चाचपले, बायांनी कनवटी धुंडाळल्या. नाण्याचा पत्ता नाही.

"चहाबी त्या डबड्याला दावूनच पिता व्हय रं?" म्हणत चुलत जाऊ भामाबाईंनी सगळ्यांचा उद्धार केला आणि स्वतःच कपाटात हात घातला. एक मखमली डबी निघाली. आत चांदीचं भलंथोरलं नाणं, वर बाईचं तोंड.

"राणीछाप हाय! नशीब काढलं चंद्राबाईनं!"

नाणं जरा काळपट होतं. भामाबाईंनी ते राखेनं खसाखसा घासलं, पदराला पुसलं आणि मेण लावून जावेच्या कपाळावर घट्ट बसवलं.

ती राणी नव्हती हो. ती अमेरिकेची बाई होती, जुन्या चांदीच्या डॉलरवरची, आणि चंद्राबाईंचा लेक उदयसिंह तिच्यापायी येडा झाला होता. फौजेतून सुटून आल्यापासून त्याला हाच नाद. असल्या नाण्याची प्रत सत्तरापैकी आकड्यात धरतात. उदयसिंह म्हणायचा, माझं चौसष्ट. सांगलीचा यासीन अत्तार, याच नादातला त्याचा दोस्त, म्हणायचा त्रेसष्ट. बाईच्या गालावर केसाएवढा ओरखडा आहे. ओरखडा नाहीच, असं उदयसिंह छातीठोक सांगायचा. या एका आकड्यावरून दोघं दोन वर्षं भांडत होते. येत्या सोमवारी नाणं तपासायला अमेरिकेला जायचं होतं, आणि नाण्यातलं कळतं कुणाला, याचा नाणी जमवणाऱ्या सगळ्या मंडळींदेखत निकाल लागायचा होता.

तिरडी बांधून झाल्यावर उदयसिंह आईच्या पाया पडायला आत आला. डोकं वर उचललं आणि त्याला ते दिसलं. लखलखीत.

"आई गंऽऽ!"

असा हंबरडा फुटला की घरभर बायांनी गळे काढले. "लेकाचा लय जीव हुता बघा," शेजारची शालूबाई म्हणाली.

"आगं, त्ये कपाळावरचं..." तो बायकोच्या कानाशी पुटपुटला.

"आवं, सावरा आता," दीपमाला डोळे पुसत म्हणाली. "कपाळाकडं बघू नका, जास्त तरास हुतो."

आता मयताच्या कपाळावरचं काढ म्हणायचं तरी कुणाला?

यासीन सांगलीहून थेट स्मशानाच्या वाटेवरच येऊन मिळाला आणि त्यानं चपला काढून खांदा दिला. मध्ये तिरडी टेकवली तेव्हा त्याचं लक्ष गेलं.

"उदय, ह्ये... आपलं?"

"व्हय."

"घासलंय?"

"राखेनं."

"या अल्ला!" यासीननं कपाळाला हात लावला.

पुन्हा खांदे लागले. वरून गुलाल पडत होता, बुक्का पडत होता. नाण्यावर चिल्लीपिल्लीसुद्धा मूठमूठ टाकत होती.

"पन्नासवर आलं," यासीन हळूच म्हणाला.

"घासलेल्याला आकडाच मिळत न्हाई, यड्या," म्हणत उदयसिंहानं बाहीला डोळे पुसले. ते बघून यासीनच्याही डोळ्यांत पाणी आलं. मागची माणसं गहिवरली. असा दोस्त मिळायला भाग्य लागतं, असं एकानं बोलूनही दाखवलं.

सरणावर ठेवल्यावर बिराप्पा पुढं झाले. गावात कुणाचंही मयत असो, रीत सांगायला तेच.

"कपाळाचा रुपाया काढायचा तर आत्ता काढ. अग्नी दिल्यावर न्हाई."

यासीननं कोपरानं ढोसलं. उदयसिंह वाकला.

नाणं बघायची एक पद्धत असते. आधी उंचवटे बघायचे, कारण झीज तिथं पहिली लागते. गाल, कपाळ, कानावरचे केस. सवयीनं त्याची नजर तशीच फिरली, पण नाण्यावर ठरेना, खालीच उतरली. आईचे गाल पार आत गेले होते. कानावर केस नव्हतेच म्हटलं तरी चालेल. हनुवटीवर एक वण होता, आणि तो कशाचा, कधीचा, हे त्याला ठाऊक नव्हतं. दोन वर्षं तो परक्या बाईचा गाल भिंगातून बघत बसला होता आणि ही पलीकडच्या खोलीत खोकत होती. त्याला स्वतःची शिसारी आली.

"काढतोस न्हवं?"

"न्हाई. ऱ्हाऊ द्या."

त्यानं अग्नी दिला. जाळ धरला तशी माणसं मागं सरकली. यासीन जवळ आला आणि त्यानं त्याचा दंड धरला.

"उदय, चौसष्टच हुतं रं. मी उगं ताणून धरलं."

हेच ऐकायला तो दोन वर्षं थांबला होता.

"न्हाई," उदयसिंह म्हणाला. "त्रेसष्टच. गालावर वरखडा हुता. मला पैल्या दिवसापास्नं दिसत हुता."

आणि तो मटकन खाली बसला आणि लहान पोरासारखा हमसून हमसून रडायला लागला. खरं म्हणजे आईसाठी रडायला त्यानं आत्ता कुठं सुरुवात केली होती.

"सकाळधरनं लय रडलास गड्या, आता पुरं," म्हणत बिराप्पांनी त्याला हाताला धरून उठवलं.