अंतोबा बीनकारांच्या दहाव्यास नगारे झडले त्याची हकीकत

श्रीगजानन प्रसन्न. जो ऐकतो त्यास नमन, आणि जो नुसताच वाजवितो त्यासही लांबून नमन. शके सोळाशे एक्याऐंशी, प्रमाथीनाम संवत्सरी, मार्गशीर्ष मासी एका राज्यात वर्तले ते ऐसे जे, त्या राज्यात मनुष्याची योग्यता आवाजावरून ठरत असे. सरदाराची शिंक वेशीपावेतो जावी, शिलेदाराची उंबरठ्यापावेतो, आणि रयतेने नाक दाबून धरावे, ऐसा दंडक होता. सरदाराघरी परात पडली तर वैभव म्हणत, आणि कामाच्या बाईची कांकणे वाजली तर बोभाटा म्हणत.

ऐसियासी दरबारचे बीनकार अंतोबा कैलासवासी जाहले. त्यांच्या बीनेचा नाद इतका मऊ की गुडघ्यास गुडघा लावून बसावे तेव्हा कानी पडे. महाराज उंच गादीवर बसत, सबब त्यांस इतक्या वर्षांत एक सूरही पोहोचला नव्हता, तरी मान डोलवीत. मग महाराजांनी फर्माविले की, "एवढा थोर कलावंत गेला, त्याच्या दहाव्यास चाळीस नगारे झडलेच पाहिजेत," आणि नगारखान्याचे दरोगे येसाजीराव सारा ताफा घेऊन नदीवर दाखल जाहले.

अंतोबांस पुत्र नव्हता, एकच लेक उमाऊ. तिच्या चुलतभावाने पिंड ठेविला आणि उमाऊ पायरीवर बसून कावळ्याची वाट पाहू लागली. कावळे पैलतीरी चिंचेवर दाटीने बसले होते, आणि नगाऱ्यावर टिपरी पडली की एक फांदी मागे सरत होते. भटजी कानाशी लागून ओरडले, "काही इच्छा राहिली असेल! बोला!" चुलतभाऊ ओरडला, "काका, उमाऊस अंतर देणार नाही!" कावळा येईना. "बीन विकणार नाही!" तरी येईना. येसाजीराव म्हणाले, "मान कमी पडला. कर्णे आणवा." मग कर्णे आले आणि चिंच रिकामी जाहली.

उन्हे कलली, तेव्हा भटजी म्हणाले, "आता दर्भाचा कावळा करून शिववू. शास्त्रास चालते." येसाजीराव खूष होऊन म्हणाले, "उत्तम! तो नगाऱ्यास भिणार नाही." उमाऊ म्हणाली, "माझ्या बाबांस गवताचा कावळा नको. येसाजीकाका, त्यांचे वादन ऐकायला जवळ बसावे लागे हो." "म्हणोन तर बाई, ते मागे राहिले!" येसाजीराव कळवळून बोलिले.

मग उमाऊने पदर सावरला आणि अदबीने विचारिले, "काका, इतका मान, आणि येथे ऐकणार कोण? आम्ही तिघे? हा शहरातून फिरवावा. महाराजांच्या कानी पडला तर तुमचे नाव होईल." येसाजीरावांची मिशी हालली. "पोर शहाणी आहे," म्हणाले, आणि सारा ताफा घाट चढून गेला. मग नगारे वेशीत वाजले, मग पेठेत वाजले, मग वाजतात की काय ऐसे वाटू लागले, आणि मग पाणी ऐकू आले. बाबा तार छेडून हात उचलीत आणि म्हणत, "उमे, संपले नाही. ऐक." उमाऊ तैसीच बसली. पंख फडफडले, पत्रावळीवर चोचीचा टकटक आवाज जाहला, आणि दहा दिवस कोरड्या डोळ्यांनी वावरलेली उमाऊ तेव्हा रडली.

दुसरे दिवशी महाराजांनी तिला पुसले, "कितव्या नगाऱ्यास कावळा आला?" ती म्हणाली, "महाराज, शेवटचा नगारा ऐकू येईनासा जाहला, तेव्हा." महाराज चिटणिसांस म्हणाले, "लिहा, शेवटच्या नगाऱ्यास आला. सबब पुढे एकूणएकाच्या दहाव्यास नगारे लावावे." उमाऊने मुजरा केला आणि बीन उचलोन ती राज्याबाहेर निघोन गेली.

सारांश, त्या राज्यात मान फार वाढला, नगारे फार वाढले, आणि कावळे शेजारच्या राज्यात राहावयास गेले. हल्ली नगाऱ्यांच्या राज्यातील म्हातारी माणसे दुखणे जड झाले की मुलास हळूच सांगतात, "मला तिकडे पोहोचव." कानी आले तेवढे लिहिले. इति.